पाचवा चौकोन

तुम्ही जवदतच्या मुलाला भिंतीवरच्या चौकोनात घातलंत. रंग ओला असताना घातलंत आणि रंग वाळल्यावर हात झटकलेत. आता म्हणू नका की आम्हाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असण्यासाठी तुमच्याकडे वेगळा विभाग आहे. त्याचाही चौकोन जवदतनेच रंगवला होता, वरून तिसऱ्या ओळीत, अगदी उजवीकडे.

झालं ते असं. गाझाच्या समुद्राकाठी एक निर्वासितांची छावणी आहे. छावणी म्हणतात, पण तंबू जाऊन सत्तर वर्षं झाली. आता सिमेंटच्या खोल्या आहेत, एकीच्या डोक्यावर दुसरी. तिथे जवदत चाळीस वर्षं अक्षरं रंगवत होता. आधी दुकानांच्या पाट्या, लग्नाचे फलक, शाळांची नावं. मग हळूहळू भिंतींवर मेलेल्यांचीच नावं जास्त येऊ लागली. हात तोच, रंग तोच. माणसं तेवढी बदलली.

एके सकाळी संघटनेतले दोघं आले, त्यांतला एक दाढीवाला. त्यांनी त्याला बंद पडलेल्या बिस्किटांच्या कारखान्यात नेलं आणि घडी घातलेला कागद पुढे केला. कागदावर संघटना होती. सगळ्यात वर एक चौकोन, त्याखाली राजकीय कचेरी, तिच्यापासून लष्करी शाखेपर्यंत तुटक रेघ, शाखेच्याच ओळीत अगदी उजवीकडे खबरींचा विभाग. लष्करी शाखेखाली विभागांची उतरंड: हुतात्म्यांच्या घरांचा, प्रचाराचा, समुद्राचा, रॉकेटचा, बोगद्यांचा. विभागांखाली पथकं, पथकांखाली एकेका माणसाचा चौकोन.

"नावं नकोत," दाढीवाला म्हणाला. "फक्त चौकोन आणि रेघा. नव्या पोरांना शिकवायला. प्रत्येकाने वरचा एकच माणूस ओळखायचा. शेजारचा नाही, खालचा नाही. फक्त वरचा."

जवदतने तीन दिवस रंगवलं. तिसऱ्या दिवशी तो चार पावलं मागे सरला, डोळे बारीक केले आणि त्याने ती चूक केली जी फक्त अक्षरं रंगवणाराच करू शकतो.

"डावीकडे हलकं वाटतंय," तो म्हणाला.

"काय हलकं?"

"खालची ओळ. उजव्या पथकात पाच चौकोन, डाव्यात चारच. भिंत कललेली दिसतेय. तोल जातोय."

दाढीवाल्याने दुसऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्याने खांदे उडवले. "मग घाला एक. उस्ताद तुम्ही. त्यातलं तुम्हाला कळतं."

जवदतने पाचवा चौकोन घातला. त्याच्या गुरूने त्याला शिकवलं होतं की नावाभोवती चौकट काढताना एका कोपऱ्यात बोटभर फट ठेवायची, रंग वाळेपर्यंत, अक्षराला श्वास घेऊ द्यायचा. चाळीस वर्षं त्याने फट ठेवली होती. इथेही ठेवली.

"फट राहिलीय," दाढीवाला म्हणाला.

"मुद्दाम ठेवलीय. वाळेपर्यंत."

"आमच्यात फट चालत नाही."

जवदतने फट बुजवली. त्या चौकोनाची बुजवली, मग मागे जाऊन सगळ्यांच्या बुजवल्या. काम सुबक झालं. सांगायला लाज वाटते, पण घरी जाताना तो शीळ घालत होता.

दुसऱ्या दिवशी रामिझ घरात नव्हता.

रामिझ त्याचा एकुलता. वीस वर्षांचा. फ्रीज दुरुस्त करायचा. जिथे दिवसाला चार तास वीज, तिथे फ्रीज दुरुस्त करणारा म्हणजे वाळवंटातला नावाडी, असं त्याची आईच म्हणायची. अंगणात शेजाऱ्यांचे तीन फ्रीज पोट उघडून पडले होते. एकावर त्याचा पाना तसाच होता. रामिझ कधीच गेला नसता, असं नाही. त्याचा दोस्त गेला होता, आणि दोस्त गेल्यापासून रामिझचं जेवणात लक्ष नव्हतं. पण दोस्त गेला तेव्हा जागा भरल्या होत्या. जागा नव्हती म्हणून तो घरी होता. जागा बापाने केली.

छावणीत बापाला पोराच्या नावाने हाक मारतात. जवदतला वीस वर्षं सगळे 'अबू रामिझ', म्हणजे रामिझचा बाप, म्हणत. त्या दिवशी भाजीवाला त्याला पाहून हसला, "अबू" म्हणाला, आणि पुढे तोंड हलत राहिलं, आवाज नाही. भाजीवाल्याने खाकरून पुन्हा पाहिलं. पुन्हा नाही.

"घसा बसलाय वाटतं," भाजीवाला म्हणाला आणि मान खाली घालून वांगी निवडू लागला. म्हणजे त्याला कळलं होतं. ज्या घरातून पोरगं जातं त्या घराचं नाव असंच जातं.

घरी त्याची बायको फिर्याल उघड्या फ्रीजसमोर बसली होती.

"कुठल्या विभागात घातलाय?" तिने विचारलं.

"डावं पथक. पाचवा चौकोन."

"तो चौकोन त्यांच्या कागदावर होता?"

जवदत नखांतला काळा रंग कोरू लागला.

"मी विचारतेय. होता?"

"नव्हता. भिंत कललेली दिसत होती, फिर्याल."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आपलं हे घर तीन वेळा पडलं," ती म्हणाली. "तीनदा आपण वाकडंतिकडं उभं केलं. तेव्हा नाही कधी तुम्हाला कललेलं दिसलं ते. जा. पुसून या."

जवदत खरवडायचं पातं घेऊन कारखान्यात गेला. भर दुपार होती. वर टेहळणीचं विमान भुंग्यासारखं घोंघावत होतं. ते रोजचंच, त्याच्याकडे कोणी मान वर करत नाही. जवदतने पाचव्या चौकोनावर पातं लावलं. भिंतीचा चुना निघाला, विटेची भुकटी निघाली, काळी रेघ निघेना. त्याने कान लावला. आत रामिझ खोकला.

मग जवदतने रेघेवर हात ठेवला. हात कोपरापर्यंत आत गेला. मग खांदा. मग तो सगळाच गेला.

रेघ आतून दोन बोटं रुंद होती, कारण रंग वाचवण्यासाठी त्याने दोन बोटांचा ब्रश वापरला होता. तीन बोटांचा वापरला असता तर चालायला सोपं गेलं असतं. तो अंग चोरून, पोट आत घेऊन, आडवा सरकत पाचव्या चौकोनापाशी आला. भिंत गुळगुळीत होती. चारही कोपरे उत्तम बुजवलेले. स्वतःचंच काम, खोट काढायला जागा नाही.

"रामिझ," त्याने हाक मारली.

आत पाना पडल्याचा आवाज आला. पण उत्तर आलं नाही. उत्तर आलं ते वरच्या चौकोनातून.

"ऐकू जाणार नाही त्याला. त्याला फक्त माझा आवाज ऐकू येतो."

वरच्या चौकोनात पथकाचा प्रमुख भिंतीकडे तोंड करून मसूर खात होता. पंचवीसेक वर्षांचा असेल.

"त्याला सांग, बाप आलाय. घरी चल म्हणावं."

"सांगितलं असतं, उस्ताद. खोटं नाही. माझ्याही आईचा जीव टांगणीला आहे." त्याने चमचा चाटला. "पण मला जे वरून येतं तेच मी खाली सांगू शकतो. स्वतःचं बोलायला लागलो की तोंडातून आवाजच येत नाही. खाली, म्हणजे. तुमच्याशी येतोय बघा."

"तुझ्या वर कोण?"

"बोगदे."

बोगद्यांच्या चौकोनात माणसं गुडघ्यांवर बसून खोदत होती आणि काढलेली माती छतावर चढवत होती, कारण बाहेर टाकली तर आकाशातून दिसते. त्यामुळे रोज छत चार बोटं खाली येत होतं. जवदतही वाकला.

"छत जमिनीला टेकलं की?" त्याने विचारलं.

"तेव्हा काम पुरं झालं म्हणायचं," एकजण म्हणाला. "हुकूम वरून आणा, उस्ताद. आम्ही तोंडात माती धरून आहोत, पण आला तर पुढे देऊ."

समुद्राच्या विभागात गुडघाभर पाणी होतं, खारं, आणि त्यात चार कोळी श्वास रोखून बसले होते. त्यांतला एक जवदतच्या गल्लीतला निघाला, शौकत. पूर्वी सार्डिन मासळी विकायचा. त्याने डोकं बाहेर काढून खुणेने सांगितलं: वर. जवदत म्हणाला, "शौकत, अरे तुझी बायको म्हणते तू इजिप्तला गेलायस." शौकतने पुन्हा डोकं पाण्यात घातलं. बुडबुडेही आले नाहीत.

प्रचाराच्या विभागात मात्र उजेड होता. टेबलाशी एक जण कात्रीने कागदाच्या कडा कापत होता. भिंतीवर पोस्टर सुकायला टांगली होती. एकावर रामिझ होता. तंत्रशाळेच्या प्रवेशाचा फोटो, केस पाणी लावून बसवलेले. पाठीमागे पवित्र शहरातला सोनेरी घुमट. खाली मोठ्या अक्षरांत 'वीर हुतात्मा', मग नाव. तारखेची जागा रिकामी.

"हे कोणी लिहिलं?" जवदतने विचारलं. त्याला माहीत होतं कोणी. अक्षराचं ते वळण छावणीत दुसऱ्या कोणाच्या हातून उतरत नाही.

"तुम्हीच. दोन वर्षांपूर्वी शंभर प्रती एकदम करून दिल्या होत्यात, आठवत नाही? नावाची जागा सोडून. ती आम्ही भरतो."

"तो जिवंत आहे. खोकतोय खाली."

"आम्ही कुठे नाही म्हणतो? म्हणून तर तारीख घातली नाही." कात्रीवाला माणूस वाईट नव्हता. त्याने जवदतला बसायला स्टूल दिलं. "हसरा फोटो असेल तर आणून द्या. लोकांना हसरा आवडतो."

जवदतने पोस्टर ओढलं. ते फाटलं नाही. कागद कातडीसारखा गरम होता. त्याने ते सोडून दिलं, आणि सोडताना हळूच सरळ केलं. सवय.

पुढे लष्करी शाखेच्या मोठ्या चौकोनात नुसती पाठमोरी माणसं होती, आणि त्यांच्या पलीकडे तुटक रेघ सुरू होत होती. ती जवदतने फार नजाकतीने काढली होती, प्रत्येक तुकडा सारखा. आता त्याला एका तुकड्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत जावं लागलं. मधल्या फटींत खाली छावणीची छपरं दिसत होती, पाण्याच्या टाक्या, दोरीवरचे कपडे, अंगणात तीन उघडे फ्रीज आणि त्यांच्याशेजारी एक बाई. वरून सगळं फार नीट दिसत होतं. छावणीच्या गल्ल्या म्हणजे रेघा होत्या, घरं म्हणजे चौकोन. घोंघावणारं विमान अगदी त्याच्या कानाशी होतं. विमान उडवणाऱ्यांनाही हे असंच दिसत असणार, हे त्याला तिथे कळलं. तुमचा तक्ता आणि त्यांचा तक्ता एकच. ते फक्त खालच्या ओळीपासून फुल्या मारत येतात.

राजकीय कचेरीत गारवा होता. फळांची ताटली होती. सूट घातलेल्या माणसाने त्याला आदराने बसवलं.

"तुमचं दुःख आमचं दुःख आहे," तो म्हणाला. "पण लष्करी शाखेशी आमचा थेट संबंध नाही. तुम्ही स्वतःच पाहिलंत ना, रेघ तुटक आहे."

"मीच काढली ती."

"सुंदर काढलीत. द्राक्षं घ्या."

"मला पोरगा हवाय. द्राक्षं नकोत."

"मग वर जा. हुकूम वरूनच येतो. आम्हीही वाटच बघतोय."

सगळ्यात वरच्या चौकोनात कोणी नव्हतं.

एक खुर्ची होती. खुर्चीशेजारी अर्धा प्यायलेला चहा, त्यातून वाफ येत होती. जवदत उभा राहिला. तुम्ही बाहेर गेला असाल, याल, असं त्याला वाटलं. त्याने बराच वेळ वाट पाहिली. चहा निवला नाही आणि तुम्ही आला नाहीत. भिंतीवर ना नाव, ना चित्र. जमिनीत खुर्चीसमोर मुठीएवढं भोक होतं. तेवढंच. तिथून खालची सगळी रेघ सुरू होत होती.

तुम्ही आला असतात तर जवदत तुमच्या पाया पडला असता. मी त्याच्या जागी असतो तर गळा धरला असता, पण तो पाया पडला असता. तुम्ही ती संधीही त्याला दिली नाहीत.

त्याचे पाय दुखत होते. तो खुर्चीत बसला. मागे कुठेतरी ओला ब्रश फिरल्यासारखा आवाज झाला, आणि ज्या वाटेने तो या चौकोनात शिरला होता ती दिसेनाशी झाली. त्याने तिकडे पाहिलं नाही. तो वाकला, भोकाला तोंड लावलं.

"डावं पथक," तो म्हणाला. "पाचवा चौकोन. रामिझला घरी पाठवा."

आवाज खाली गेला. हा खाली गेला, कारण तो वरून आला होता. कचेरीतल्या माणसाने तो जसाच्या तसा पुढे दिला. मग पाठमोऱ्या माणसांनी. मग कात्री थांबली. मग पाणी हललं. मग मातीने भरलेल्या तोंडांनी काहीतरी म्हटलं. मग चमचा ताटलीवर ठेवल्याचा आवाज आला. त्यापुढे जवदतला ऐकू आलं नाही. खुर्चीचा हात त्याने इतका घट्ट धरला की नखांत लाकूड गेलं.

घोंघावणं थांबलं. छावणीत ते थांबतं तेव्हा आया पोरांना आत ओढतात, कारण त्यानंतर बॉम्ब पडतो. मग भिंत हादरली, एकदाच, आणि चुन्याची भुकटी चहात पडली.

किती वेळ गेला कोण जाणे. भोकातून गुंडाळलेली चिठ्ठी वर आली. जवदतने ती उलगडली. 'हुकूम पोहोचला. पाचवा चौकोन रिकामा झाला.'

"घरी गेला का?" जवदत भोकात ओरडला. "घरी पोहोचला का तो? फिर्यालला विचारा! अंगणात बसलीय ती, तीन फ्रीजच्या शेजारी!"

दुसरी चिठ्ठी आली. 'ते आमच्या विभागात येत नाही.'

"प्रचारवाल्यांना विचारा! पोस्टरवर तारीख घातली का, एवढंच विचारा!"

मग तिसरी चिठ्ठी आली. अक्षर सुबक होतं, रेघेला रेघ लागलेली, आणि भोवतीच्या चौकटीचे चारही कोपरे बंद होते.

'चौकोन रिकामा ठेवता येत नाही. तोल जातो. आता कोणाला पाठवायचं? उत्तर द्या.'