नागसेनचा हात

नागसेनला ऑर्केस्ट्रात आणला भाऊसोनं आणि घालवलाही भाऊसोनंच. आणायचं पुण्य तो गावभर सांगत फिरला. घालवायचं पाप मात्र त्याला नऊ वर्षं पाप वाटलंच नाही, हे खरं दुखणं.

साल एक्क्याण्णव. लक्ष्मीपुरीत शंकरप्पाचं भांड्यांचं दुकान होतं. खाली पितळी घागरी आणि स्टीलचे डबे, वर पोटमाळ्यावर त्याचा ऑर्केस्ट्रा. शंकरप्पाला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हौस दांडगी. भाऊसो त्याचा मुख्य गायक. आठवडाभर पाटबंधारे खात्यात फायली हलवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी चकचकीत जाकीट घालून जयसिंगपूर, गडहिंग्लज, निपाणी गाजवायची. गळा मोठा, उंची मोठी, केस मागं वळवलेले. बायको आक्काताई म्हणायची, "गाण्याआधी आरसा झाकून घ्या, न्हायतर तडकंल त्यो."

चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला भाऊसो गडमुडशिंगीला गेलता. तिथं पाराजवळ एक काळासावळा पोरसवदा गडी खुर्चीत बसून गिटार वाजवत होता, तीही मांडीवर आडवी ठेवून. हवाईयन गिटार म्हणतात तिला. उजव्या हातानं तारा छेडायच्या, डाव्या हातात पोलादी दांडी धरायची आणि ती तारांवरनं सरकवायची. दांडी थांबेल तिथं सूर. केसभर इकडं-तिकडं झाली की बेसूर. भाऊसो उभ्या उभ्या अर्धा तास ऐकत राहिला.

"आयला, मांडीवर पोर झोपवल्यागत वाजवतोय की ह्यो!" तो म्हणाला, आणि पुढच्याच रविवारी नागसेनला मोटारसायकलवर मागं बसवून पोटमाळ्यावर घेऊन आला.

नागसेन आला आणि ऑर्केस्ट्राचा नूरच पालटला. दोन कडव्यांच्या मधे जागा मिळाली की तो अशी काही दांडी पळवायचा, की मागच्या रांगेतली माणसं बाकावर चढायची. भाऊसो माईकवरनं ओरडायचा, "आमचा नागसेन! गडमुडशिंगीचा हिरा!" चहाच्या गाड्यावर त्याचं ठरलेलं भाषण होतं. "वादक मोठा कशानं? हातानं. हात पळला पायजे. ह्याचा हात बघा, दिसत न्हाय पळताना."

नागसेन लाजून खाली बघायचा. एकदाच बोलला. "हात कुणाचाबी पळतोय भाऊसो. कान थांबाय पायजे."

"कान थांबवून काय यष्टी पकडायची हाय व्हय?" भाऊसोनं टाळी मागितली, सगळे हसले. नागसेनही हसला.

तर असं सगळं गोडीगुलाबीत चाललेलं. मग जयसिंगपूरचा कार्यक्रम झाला. भाऊसोनं जीव तोडून शेवटचं गाणं म्हटलं. एक म्हातारे शिक्षक काठी टेकत स्टेजवर आले. भाऊसोनं नमस्काराला वाकायची तयारी केली. म्हातारबुवा त्याच्या बाजूनं सरळ पुढं गेले, नागसेनचा डावा हात दोन्ही हातांत धरला आणि डोळ्यांना लावला. वाकलेला भाऊसो बूट नीट करतोय असं दाखवत सरळ झाला.

त्या दिवसापासनं भाऊसोच्या पोटात दुखायला लागलं. आणि ज्याच्या पोटात दुखतं त्याला मग नवे कान फुटतात. गाताना त्याचं तोंड लोकांकडं, नागसेन मागं डाव्या अंगाला. दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. आता भाऊसो मुद्दाम ऐकायला लागला. आणि त्याला सापडलं! अंतरा चढला, वरची पट्टी आली, की मागची गिटार खाली घसरायची. थोडीशीच. मग हळूच वर यायची. एकदा नव्हे, दर कार्यक्रमाला, दर वरच्या जागेला. बाकी वाद्यं तेव्हा गप्प असायची, त्यामुळं चांगलं उघडं ऐकू यायचं.

सत्त्याण्णवच्या जानेवारीतली एक दुपार. पोटमाळ्यावर तालीम. सगळे जमल्यावर भाऊसोनं तोंड उघडलं. "शंकरप्पा, सरळ बोलतो. नागसेन बेसूर वाजवतोय. मी वर जातोय आणि ह्यो मागनं मला खाली वडतोय. ह्याचा हात बिघडलाय. मला न्हाय जमायचं ह्याच्यासंगं."

कोपऱ्यात अकॉर्डियनवाला गणपतराव होता. तो तटकन उठला, काहीतरी बोलायला म्हणून त्यानं हात वर केला. नागसेननं त्याच्याकडं नुसतं बघितलं. गणपतराव खाली बसला.

शंकरप्पाच्या बोलण्यात सीमेकडचं कानडी यायचं. धाकट्या भावाला म्हणतात तसं तो नागसेनला म्हणाला, "तम्मा, खरं काय हे? घसरतोय हात?"

नागसेन गिटारीच्या तारा फडक्यानं पुसत होता. पुसून झाल्यावर म्हणाला, "व्हय. घसरतोय."

संपलं. त्यानं गिटार खोळीत घातली, सगळ्यांना नमस्कार केला, भाऊसोला जरा वाकूनच केला, आणि जिना उतरला. खाली दुकानात कुणीतरी पातेली वाजवून बघत होतं.

बरं, एवढ्यावर तरी थांबावं की नाही? पण भाऊसोनं पुरती माती खाल्ली. सांगलीचा एक ऑर्केस्ट्रावाला नागसेनची चौकशी करायला आला, तर हा म्हणतो, "घ्या की. फकस्त गाणाऱ्याला कानात बोळं घालाय सांगा." गोष्ट पसरली. नागसेन शहरात दहा-बारा पोरांना गिटार शिकवायचा. बेसूर माणसाकडं पोरं कोण धाडणार? शिकवण्याही सुटल्या.

इकडं शंकरप्पानं कीबोर्ड आणला. त्यात म्हणे गिटार होती, सनई होती, कोकिळासुद्धा होती. बटण दाबलं की झालं. सूर इकडचा तिकडं व्हायचा नाही. आणि भाऊसोचं गाणं उठेना. तो अंतरा चढवायला लागला की पुढची माणसं एकमेकांकडं बघायची, कुणी चहाला उठायचं. भाऊसोनं आधी माईकवर खापर फोडलं, मग हवेवर, मग कीबोर्ड वाजवणाऱ्यावर. दोन वर्षांत ऑर्केस्ट्रा बंद पडला. त्यानं जाकीट पत्र्याच्या पेटीत ठेवलं आणि लोकांना रसच राहिला नाही असं सांगत फिरला.

दोन हजार सहा साल. भाऊसोनं कळंब्याला घर बांधलं होतं. शंकरप्पानं पोटमाळा रिकामा करताना जुन्या कॅसेटींचं एक खोकं त्याला धाडलं. रविवारी सकाळी भाऊसोनं हौसेनं टेप लावला. टेपला दोन स्पीकर, पण एकाची वायर उंदरानं तोडलेली. दुसऱ्यातनं आवाज आला. शंकरप्पा कार्यक्रम टेप करताना गाणारा एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला घ्यायचा. त्यामुळं आला तो नुसता गळा. साथ नाही, काही नाही.

स्वयंपाकघरातनं आक्काताई ओरडली, "कुणाचं वो हे? बंद करा की, दूध नासंल!"

भाऊसो टेपजवळ सरकला. आवाज त्याचाच होता. मुखडा बरा होता. अंतरा चढला आणि वरच्या जागेला गळा चक्क खाली पडला. पाव सूर तरी खाली. त्याला वाटलं, कॅसेट ओढली गेली. दुसरी लावली. तेच. तिसरी. तेच.

मग त्यानं तुटकी वायर सोलून जोडली आणि चालू स्पीकरची काढून टाकली. आता नुसती वाद्यं. वरची जागा आली. अकॉर्डियन थांबलं. गिटार एकटी राहिली, आणि तीही खाली गेली. बरोब्बर तेवढीच खाली. तिथं जराशी थांबली, मग मायेनं वर सरकत सरकत खऱ्या सुरावर आली.

भाऊसोनं दोन्ही वायरी जोडल्या. गळा पडला, गिटार त्याच्यासंगं खाली गेली, त्याला धरलं आणि वर घेऊन आली. ऐकणाऱ्याला वाटावं, काय सुंदर मींड घेतली गाणाऱ्यानं! टाळ्या पडल्या. कॅसेटमधला भाऊसो म्हणाला, "धन्यवाद, धन्यवाद."

आक्काताई हात पुसत बाहेर आली तर नवरा जमिनीवर बसलेला, हातात वायरीची टोकं. तिनं विचारलं, "करंट लागला काय?"

तो तसाच शाहूपुरीत गणपतरावाकडं गेला. भाऊसोनं कॅसेटचं सांगितलं तसा गणपतराव म्हणाला, "कळलं व्हय एकदाचं! समद्यांस्नी ठाऊक हुतं. नागसेननंच आमास्नी सांगितलंतं, वरची जागा आली की तुमी थांबा, मी बघतो भाऊसोचं."

"मग त्या दिवशी तू बोलला का न्हाईस?"

"त्यानं डोळ्यानं नगो म्हटलं. आणि बोललो असतो, तर तू ऐकलं असतंस व्हय?"

नागसेन आता कुठं असतो तेवढं भाऊसोनं विचारलं. गणपतराव म्हणाला, "इचलकरंजीत माग चालवाय गेलता. वर्सभर झालं, गावातच हाय."

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून भाऊसो खिशात कॅसेट घेऊन गडमुडशिंगीला गेला. दारात नागसेनची बायको शालूबाई शेंगा फोडत होती. तिनं ओळखलं, पण उठली नाही. नागसेन आत भिंतीला टेकून बसला होता. केस पिकलेले. भाऊसोला बघून त्याचा चेहरा उजळला. "भाऊसो! या की! बसा! च्या टाक गं!" एवढ्याशा खोलीत तो बैल हाकल्यागत ओरडत होता.

"नागसेन," भाऊसो खालच्या आवाजात म्हणाला, "माझं चुकलं रं."

नागसेन हसत मान डोलवत राहिला.

"त्यास्नी ऐकू येत न्हाय भावजी," शालूबाई म्हणाली. "आठ वर्सं सहा सहा माग एकट्यानं चालिवले. खडाखडा, खडाखडा, बारा-बारा तास. आधी एक कान गेला, मग दुसरा. डाक्टर म्हणला, आता काय उपेग न्हाय."

ज्या कानांनी भाऊसोला सहा वर्षं झेललं, ते कान त्यानं मागाखाली घातले होते. दुसऱ्या कुणी नाही. त्यानं.

तो नागसेनच्या तोंडापुढं बसला आणि ओरडला, "तू बेसूर न्हवतास! मी बेसूर हुतो! माझं पाप तू तुझ्या अंगावर घेतलंस!"

नागसेननं कानामागं हात धरला. भाऊसो आणखी मोठ्यानं ओरडला. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. समोरच्या घरातला म्हातारा दारात येऊन म्हणाला, "पावणं, कशापायी वरडताय? भांडान हाय काय?" बाया गोळा झाल्या. भाऊसो बेसूर होता हे अख्ख्या गल्लीला कळलं. एका नागसेनला कळलं नाही.

"काय म्हणत्यात गं?" त्यानं बायकोला विचारलं.

शालूबाईनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "ह्यास्नी काय सांगताय भावजी? ह्यास्नी पयल्या दिवसापासनं ठाऊक हाय. ठाऊक न्हवतं ते तुमास्नी. आणि ज्या लोकांस्नी सांगाय पायजे हुतं, त्यास्नी तवा सांगायचं हुतं."

भाऊसोनं नुसतीच कॅसेट काढून पुढं धरली. नागसेननं ती उलटसुलट बघितली, वरचं शंकरप्पाचं अक्षर ओळखलं आणि खूश झाला. "गाण्याचं म्हणताय व्हय! म्हणा की एकांदं! लई वर्सं झाली!"

"आरं, तुला—" भाऊसो थांबला. समोरचा माणूस अगदी सरसावून बसला होता. नजर भाऊसोच्या गळ्यावर, डावा हात गुडघ्यावर.

भाऊसोनं गायला सुरुवात केली. जयसिंगपूरचंच ते शेवटचं गाणं. मुखडा संपला, अंतरा चढला. गळ्याच्या शिरा ताणल्या, वरची जागा आली आणि आवाज नेहमीसारखा खाली पडला.

गुडघ्यावरचा नागसेनचा हात दोन बोटं खाली सरकला. तिथं थांबला. मग हळूहळू वर यायला लागला.

सहा वर्षं भाऊसोची त्या हाताकडं पाठ होती. आज पहिल्यांदाच त्यानं तो बघितला. त्याच्या डोळ्यांतनं पाण्याची धार लागली. नागसेनचा हात वरच्या सुरावर येऊन तसाच थांबला होता, पुढच्या ओळीची वाट बघत. भाऊसोला ती ओळ काही म्हणता आली नाही.