दोन बोटं तार

मी काम सुबक करतो. हे मीच सांगतो, कारण अँप्लिफायर आतून कसा दिसतो ते दुसरं कोणी बघत नाही. गिऱ्हाईक आवाज ऐकतं आणि पेटी उचलून घरी नेतं. आत मी तारा कशा ओळीत बसवल्यात, वळणं कशी काटकोनात दिलीत, याचं कौतुक करायला मी एकटाच. एक आत्या बघते, पण ती कौतुकाच्या वाटेला जात नाही. ‘सुबकराव’ म्हणते आणि पुढचा टाका विणते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. रेडिओच्या कारखान्यात एकतीस वर्षं ती शेवटच्या टेबलावर होती. तयार झालेला प्रत्येक सेट ती ऐकायची, आणि पसंत पडला तरच त्याच्या तळाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावायची. ठिपका नाही तर सेट परत मागे. कारखाना बंद पडला, पण लाल बाटली तिच्या पर्समधून गेली नाही. आता ती दुपारची माझ्या दुकानात येते आणि खिडकीपाशी विणत बसते. विचारल्याशिवाय सल्ला देत नाही, आणि मी विचारत नाही. त्यामुळे आमचं छान जमतं.

मास्तरांचा अँप नऊ दिवस माझ्या टेबलावर होता. मास्तरांचा जन्म गिटार शिकवण्यात गेला, आणि हा जुना ट्रान्झिस्टरचा अँप पहिल्या शिकवणीपासून त्यांच्याबरोबर. आणला तेव्हा थोडी खरखर होती, थोडी घुमघुम. मी बटणं साफ केली, वीज साठवणारे मोठे कपॅसिटर सुकले होते ते काढून नवे घातले, आतला तारांचा गबाळा कारभार सरळ केला. खरखर गेली. घुमघुमीच्या जागी मात्र अशी भुणभुण सुरू झाली की डोकं उठावं. मग मी दोन ट्रान्झिस्टर बदलले, सगळे सांधे पुन्हा सोल्डर केले, आणि शेवटी खापर ट्रान्सफॉर्मरवर फोडलं. तसला ट्रान्सफॉर्मर आता मिळत नाही, अँप भंगारात द्या, असं मास्तरांना फोनवर सांगून मोकळा झालो. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्या आठवड्यात मला एकदाही आठवली नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले ते गिटार घेऊनच.

“अँप भंगारात द्या म्हणालात ना,” ते म्हणाले. “मग हीसुद्धा इथंच ठेवतो. कुणी शिकणारं आलं तर देऊन टाका.”

“अहो मास्तर, नवा अँप घ्या की.”

“पुतण्यानं आणून दिला होता. त्यातून माझंच वाजवणं मला परक्याचं वाटतं.” त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटांचे सांधे सुजून गाठी झाल्या होत्या. “जोर राहिला नाही यात. हळू वाजवतो. परवा इथं वाजवून बघितलं, तर याची भुणभुणच वरचढ होती. बास झालं आता.”

गिटार त्यांनी भिंतीला टेकवली, फार हळू. खिडकीपाशी आत्याच्या सुया थांबल्या. नऊ दिवस ती भुणभुण तिनंही ऐकली होती, आणि मी विचारलं नव्हतं.

“आत्या,” मी म्हणालो, “जरा ऐकतेस का हे?”

तिनं विणकाम पिशवीत ठेवलं, चष्मा पुसला आणि टेबलाशी येऊन बसली. मी पाठीमागचं झाकण उघडायला लागलो.

“उघडू नकोस. आधी वाजू दे.”

मी अँप चालू केला. तिनं त्यात खोचलेली गिटारची केबल काढली. भुणभुण तशीच. आवाजाचं बटण शून्यावर आणलं, तरी तशीच. “म्हणजे पुढची सगळी मंडळी निर्दोष,” ती म्हणाली. “चोर मागच्या घरात आहे.” इतका वेळ मी त्या पुढच्या मंडळींच्याच झडत्या घेत बसलो होतो.

मग तिनं डोळे मिटले आणि त्या आवाजात आपला आवाज मिसळून बारीक गुणगुणायला लागली. मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. “ट्रान्सफॉर्मरची घूं असते ना, ती गोल असते, जाडी. ही त्याच्या दुप्पट वरची आहे, आणि हिला दात आहेत.” तरी तिनं ट्रान्सफॉर्मरला न्याय दिला. बंद करून आता झाकण उघडायला लावलं, त्याचे स्क्रू सैल करायला लावले, लाकडी फळी खाली सरकवून तो आडवा फिरवला, पुन्हा चालू केला. आवाजात तसूभर फरक नाही. ज्याला मी फाशी दिली होती तो बिचारा सुटला.

डावा हात मांडीवर ठेवून, एकाच हातानं, लाकडी विणसुईच्या टोकानं ती एकेक तार हलकेच दाबत गेली. चालू यंत्रात दुसरा हात घालायचा नाही, ही चाळीस वर्षांपूर्वीची कारखान्यातली शिस्त असणार. घाई नाही आणि एकही हालचाल वाया नाही. मी माझ्याच टेबलाशी शाळकरी पोरासारखा उभा होतो आणि मनात म्हणत होतो, काय बाई आहे ही.

“जुने कपॅसिटर टाकलेस?”

मी काही टाकत नाही. डबा पुढे केला. तिनं त्यातला एक उचलून माझ्या नव्याशेजारी धरला. जुना दोन बोटं जास्त लांब होता. ती त्या दोन बोटांच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली.

“ही अर्थिंगची तार आधी कुठं जात होती?” तिनं अगदी हळू विचारलं.

ती तार कारखान्यानं उगाच लांबून वळसा घालून कपॅसिटरच्या पलीकडच्या टोकाला नेली होती. नवा कपॅसिटर आखूड, तार पोचेना, आणि तो वळसाही दिसायला गबाळा. म्हणून मी ती कापून अलीकडच्याच टोकाला जोडली होती. सरळ, काटकोनात. फार छान दिसत होती.

“झोपायच्या खोलीचं दार जिन्यात काढलंस,” आत्या कुजबुजली. “वीज त्या अलीकडच्या टोकातूनच धक्के देत आत शिरते, सेकंदाला शंभरेक. पाय वाजणारच.”

अँप बंद केला. कपॅसिटरमधली उरलेली वीज उतरवली, तार सोडवली, तिला तुकडा जोडला आणि पूर्वीसारखा वळसा घालून पलीकडे नेली. पुन्हा चालू केलं.

काहीच आवाज नाही. लाल दिवा लागला आहे ना, ते मी वाकून बघितलं.

मास्तरांनी गिटार उचलून केबल लावली. त्या गाठी आलेल्या बोटांनी इतकं हळू वाजवलं की रस्त्यावरून जाणारी सायकलसुद्धा मला नकोशी झाली. पण प्रत्येक सूर आला, शेवटपर्यंत आला, आणि विरताना कुणी त्याच्या आड आलं नाही. मास्तरांचे डोळे भरले. माझेही भरले, कशाला लपवू.

“काय झालं होतं हो?” त्यांनी विचारलं.

आत्यानं माझ्याकडे बघितलं. “जुनं यंत्र,” ती म्हणाली. “एक तार दमली होती.”

“तुमच्या हाताला यश आहे,” मास्तर मला म्हणाले, आणि माझा हात हातात घेतला.

आत्याच्या हातात लाल बाटली होती. झाकण उघडलं नव्हतं. ती बाटलीकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

“मास्तर,” मी म्हणालो, “तार दमली नव्हती. ती मीच चुकीच्या जागी जोडली. ही भुणभुण तुमच्या अँपमध्ये मी घातली होती, आणि भंगारात द्यायलाही मीच सांगितलं.”

“आणला तेव्हा एवढी नव्हती, हे कळलं होतं मला,” ते म्हणाले. “पण तुम्ही इतके दिवस खपत होतात. म्हटलं, कुठं बोलायचं.”

माझा हात त्यांनी सोडला नव्हता.

आत्यानं झाकण फिरवलं आणि बाटली माझ्यापुढे धरली. इतक्या वर्षांत तिनं तो ब्रश कुणाच्या हाती दिला नव्हता. मी अँप कलता केला आणि तळाला ठिपका लावला. ठिपका लांबट होऊन एका बाजूला ओघळला. पुसून नीट लावावा म्हणून मी फडकं उचललं.

“राहू दे, सुबकराव,” आत्या म्हणाली. “दिसू दे तसाच.”