रॉय बॅगशॉच्या नावाचा संकल्प

"नेम घेतलास की त्याची दवंडी पिटू नकोस. सांगून टाकलेला नेम म्हणजे उतू गेलेलं दूध. वास घरभर, पातेल्यात काही नाही."

सासूबाई हे बोलल्या होत्या तेव्हा मधुमती जोशी नवी नवरी होती. पुढे ती नॉटिंगहॅमला आली, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीस वर्षं लोकांचं रक्त तपासून निवृत्त झाली, सासूबाई गेल्या, यजमानही गेले. ते वाक्य मात्र जागचं हललं नाही. त्यामुळे मधुमतीचे सोमवार, चतुर्थ्या, चातुर्मासातला कांदा-लसूण असं कशाचंच कुणाला काही ठाऊक नव्हतं. तिची सून उल्का इतकी वर्षं समजून होती की सासूबाईंना ॲसिडिटी आहे, आणि दर चातुर्मासात न चुकता गोळ्या आणून द्यायची. मधुमती त्या मुकाट्यानं खणात ठेवायची.

साठी ओलांडल्यावर तिला थोडं विसरायला होऊ लागलं. त्यावर तिनं आपला एक उपाय काढला. जे विसरायचं नाही ते सकाळच्या पूजेत संकल्पात घालायचं आणि तळहातावरचं पाणी ताम्हनात सोडायचं. डेंटिस्टची वेळ, गॅसच्या मीटरचं रीडिंग, कौन्सिलचा फॉर्म, सगळं तिथून जाई. देवापुढे बोललेलं ती आजवर विसरली नव्हती. देवानंही गॅसच्या मीटरबद्दल कधी तक्रार केली नव्हती.

आता शेजारच्या डोरीनचं सांगायला हवं. डोरीन बागेतलं गवत दर पंधरवड्याला मशीननं कापायची, पण कुंपणालगतचा हातभर पट्टा तेवढा सोडून. मधुमतीला महिन्यातून एकदा एकवीस लांब काड्या लागतात एवढं तिनं पाहून ठेवलं होतं. त्या दूर्वा नव्हत्या, विलायती गवत होतं. पण गणपतीनं अजून हरकत घेतली नव्हती. कशाला लागतात, हे डोरीननं सोळा वर्षांत एकदाही विचारलं नाही. सोळा वर्षांत तिनं मागितलंही काही नाही. एप्रिलमध्ये मात्र ती चहाला आली आणि कप खाली ठेवून म्हणाली, "मधू, मला तुझं एक मत हवंय."

मधुमतीला वाटलं, कौन्सिलची निवडणूक असेल. पण प्रकरण वेगळंच निघालं. उपग्रहावरच्या एका छोट्या चॅनेलवर कंट्री म्युझिकची बक्षिसं द्यायची होती. परीक्षक वगैरे कुणी नाही; प्रेक्षक फोनवरून मत देणार, ज्याची मतं जास्त त्याचं बक्षीस. एका फोन नंबराला एक मत. डोरीनचा लाडका गायक रॉय बॅगशॉ. आधी कोळशाच्या खाणीत, खाण बंद पडल्यावर शुक्रवारी क्लबात गाणारा. अडुसष्टाव्या वर्षी त्याची पहिली सीडी निघाली म्हणून त्याचं नाव 'नवा आवाज' या बक्षिसाच्या यादीत होतं. नियमात फक्त पहिली सीडी असं लिहिलं होतं. वयाचं काही नव्हतं.

"देईन," मधुमती म्हणाली. "माझं एक मत रॉयला."

आणि मतदान जूनमध्ये, म्हणजे दोन महिन्यांनी, हे लक्षात घेऊन तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी तळहातावर पाणी घेतलं, देशकाल उच्चारला आणि शांतपणे म्हणाली, "रॉय बॅगशॉ नामकस्य गायकस्य कृते एकमतदानं करिष्ये." पाणी ताम्हनात पडलं. मग ते नेहमीप्रमाणे तुळशीच्या कुंडीत गेलं.

तीन आठवड्यांनी त्याच यादीत आणखी एक नाव जाहीर झालं. कोडी जेम्स. हा कोडी जेम्स म्हणजे तिचा सख्खा नातू, कुश.

कुश वीस वर्षांचा, जन्मानं आणि बोलण्यानं नॉटिंगहॅमचा. तो काउबॉयची टोपी घालून टेक्ससच्या माळरानावर आणि आपल्या इमानी घोड्यावर गाणी म्हणायचा. टेक्सस त्यानं नकाशात पाहिलं होतं, आणि घोडा म्हणून ज्याच्यावर तो जन्मात बसला होता ते स्केगनेसच्या किनाऱ्यावरचं गाढव होतं. पण गळा गोड होता. मधुमतीला त्या गाण्यांत काही परकं वाटायचं नाही. घर सुटलं, कुत्रं गेलं, बाईनं पाठ फिरवली, देवा तूच रे बाबा. असं तर तीही रोज म्हणत होती, टोपी न घालता.

उल्काचं मात्र तसं नव्हतं. वर्षभर ती त्या टोपीला "गुराख्याचं सोंग" म्हणायची. कुशनं अकाउंटन्सी मधेच सोडली तेव्हा मायलेकांत करार झाला होता: सप्टेंबरपर्यंत गाण्याचं काही झालं तर ठीक, नाहीतर मुकाट कॉलेजात परत. बक्षीस जिंकणाऱ्याला चॅनेल देशभर दौऱ्यावर नेणार होतं. यादीत नाव आलं आणि उल्कानं टोपी फिरवली. ती मराठी मंडळाची सेक्रेटरी. दोन दिवसांत तिनं पत्रक छापलं: 'कोडी जेम्स (म्हणजे आपला कुश जोशी) याला विजयी करा.'

डोरीननं टीव्हीवर पाहिलं आणि संध्याकाळी कुंपणाशी आली. "मधू, तुझा नातू आहे गं. तू त्यालाच दे. रॉयला माझं आहे. तू मोकळी."

"तसं होत नाही," मधुमती म्हणाली.

"का नाही? मीच मागितलं, मीच सोडलं."

मधुमतीनं मनातल्या मनात उत्तर जुळवून पाहिलं. डोरीननं शब्द सोडला हे खरं, पण पाणी मधुमतीनं सोडलं होतं. ते तुळशीनं पिऊन तीन आठवडे झाले होते. तिला नवी पानंही फुटली होती. हे इंग्रजीत कसं सांगायचं तिला सुचेना. मराठीतही कठीणच होतं.

"तुझी टोमॅटोची रोपं छान आलीत," ती म्हणाली.

उल्काला तर काही सांगायची सोयच नव्हती. ती आली, मटार सोलणाऱ्या सासूपुढे यादी ठेवली आणि म्हणाली, "आई, घरोघरी फोनवरून आठवण करून द्यायचं काम तुमच्याकडे. तुमच्याइतकं नेमाचं कुणी नाही. बेचाळीस घरं आहेत. आणि तुमचं मत तर मी धरलेलंच आहे."

मधुमतीनं शेंग सोलली. उल्कानं यादीत सासूच्या नावापुढे खूण केली. बोलली नाही म्हणजे हो, हा आपल्याकडे लग्न जमवण्यापासूनचा रिवाज.

आणि मधुमतीनं काम चोख केलं. बेचाळीस घरी फोन, प्रत्येकाला तारीख, वेळ, कुशचा नंबर. "शेवटी शून्य दोन. विसरू नका हं." जिला स्वतःला तो नंबर दाबायचा नव्हता तिच्याइतक्या आर्जवानं तो कुणीच सांगितला नसता. फोन खाली ठेवताना आपण खोटं एक अक्षर बोललो नाही, असं ती दरवेळी स्वतःला बजावायची आणि पुढचा नंबर फिरवायची.

मतदान रविवारी आठ ते नऊ. मंडळानं चर्चचा हॉल घेतला. प्रत्येकानं आपापल्या घरून फोन केला असता तर पाच मिनिटांत काम झालं असतं, पण मग त्याला कार्यक्रम कोण म्हणणार? सामुदायिक अथर्वशीर्ष असतं तसं सामुदायिक मतदान ठरलं. मोबाइल आपापले, आणि मोबाइल नव्हता तो एकट्या मधुमतीकडे, तिच्यासाठी हॉलचा फोन.

आठ वाजता चॅनेलनं लाइन्स उघडल्या. आठ वाजता मंडळाचे अध्यक्ष शशिकांत साने प्रास्ताविकाला उभे राहिले.

"कंट्री म्हणजे काय, मंडळी? कंट्री म्हणजे देश. देश म्हणजे माती. आणि माती म्हटली की आपण आलोच."

आठ दहाला ते मातीतून बाहेर आले. मग कुशला शाल आणि नारळ. टोपीवरून शाल नीट बसेना, म्हणून टोपी काढली; मग पुन्हा सत्कार, कारण फोटो हलला होता. मागच्या रांगेत पुण्याहून नुकताच आलेला सॉफ्टवेअरवाला परीक्षित घड्याळाकडे बघत होता. "काकू, एक सजेशन," तो उल्काला म्हणाला. "आभार मतदानानंतर मानले तर?"

"आभार नंतर ठेवले की लोक उठून जातात," उल्का म्हणाली. तिला अनुभव होता.

साडेआठला एकदाचं सगळं झालं. उल्कानं हॉलच्या फोनशी खुर्ची मांडली. "पहिला मान आईंचा. या, आई."

मधुमती उठली. सगळ्यांनी वाट करून दिली. रिसीव्हर हातात आला तेव्हा तिच्या मनात एक सोपी वाट उघडली. हा नंबर हॉलचा. इथून कुशला, घरून रॉयला. चॅनेलच्या नियमात दोन्ही बसत होतं. चॅनेल नंबर मोजत होतं, माणसं नाही. पण पाणी घेतलं तेव्हा ती 'एकमतदानं' म्हणाली होती, आणि ताम्हनापुढे बाई एकच बसली होती. तिनं रिसीव्हर अलगद खाली ठेवला.

"हा मान अक्षराला द्या," ती म्हणाली. अक्षरा म्हणजे कुशची धाकटी बहीण. "माझं मत मला घरच्या फोनवरून द्यायचंय."

"घरच्या का?" उल्का म्हणाली. "फोन तर हा आहे, आई."

"तसं ठरवलंय मी."

मग सानेकाकांनी माइक उचलला. "बघा, मंडळी. याला म्हणतात निष्ठा. घरच्या देवाच्या साक्षीनं मत देणार आहेत ताई." टाळ्या पडल्या. दोघी-तिघींनी वाकून नमस्कार केला. मधुमतीला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण ती चर्चची जमीन होती.

"आजी, चल, मी सोडतो," कुश म्हणाला.

गाडीत त्यानं टोपी मागच्या सीटवर टाकली. ट्रेंट नदीच्या पुलाच्या अलीकडे लाल दिवा लागला. बाहेर अजून लख्ख उजेड होता.

"आजी, खरं सांग. तू घरून का करते?"

गप्प राहिली असती तर चाललं असतं. आजवर तिच्या गप्प राहण्यातून लोकांनी सोयीचं तेच ऐकलं होतं. पण मंडळ वेगळं आणि शेजारी बसून गिअर बदलणारा हा पोरगा वेगळा. सासूबाईंची मनातल्या मनात क्षमा मागून ती म्हणाली, "कुश, माझं मत तुला नाहीये."

"हा जोक आहे?"

"नाही रे."

"मग कुणाला?"

"रॉय बॅगशॉला."

कुशनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "रॉय? आजी, तो न्यू व्हॉइस पण नाही. तो ओल्ड व्हॉइस आहे."

"नियमात बसतो म्हणे."

तिनं डोरीनचं सांगितलं, संकल्पाचं सांगितलं. दिवा हिरवा झाला. गाड्या मात्र फारशा हलल्या नाहीत.

"म्हणजे तू पाणी सोडला. लाइक, वॉटर."

"हो."

"मग परत घे ना. डोरीन तर ओके बोलली."

"तुळस प्यायली."

तो हसला नाही. स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिला. "आईला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"मग मला का सांगितला? तू गुपचूप केला असता. मला कधीच कळला नसता."

"म्हणूनच सांगितलं."

"आजी, मी हरलो तर सप्टेंबरला अकाउंट्स. तुला माहीत आहे ना? तू माझी आजी आहे."

"माहीत आहे, बाळा. तुला मत देणार समजून आज मला लोकांनी नमस्कार केला. तो तेवढा फुकटचा घेतला मी. तुझ्याकडून तरी तसा नको."

गाड्यांची रांग पुलापर्यंत जाऊन थांबली होती. घड्याळात आठ एकोणपन्नास. दोघांनीही ते पाहिलं, आणि दोघांनीही दुसऱ्यानं पाहिलेलं पाहिलं. आता काहीच करायचं नव्हतं. अकरा मिनिटं रांगेत नुसतं बसून राहायचं. नऊ वाजले असते, लाइन बंद झाली असती, दोष रहदारीला गेला असता आणि देवालासुद्धा रहदारी मान्य करावी लागली असती. मधुमतीनं हात मांडीवर ठेवले. त्याला काही सांगायचा अधिकार आज आपल्याला नाही, असं तिला वाटलं.

कुशनं एक सुस्कारा टाकला. आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला आणि रांगेतून बाहेर काढून गाडी उलट्या दिशेला वळवली.

"दुसरा पूल क्विक आहे," तो म्हणाला. "बेल्ट नीट लाव."

तिच्या दाराशी गाडी थांबली तेव्हा आठ पंचावन्न झाले होते. तिनं दार उघडलं.

"आजी." तो समोर काचेतून बघत होता. "रॉयचा नंबर झिरो फोर. माझा झिरो टू. तू सगळ्यांना सहा वीक टू टू बोलत होती. सवयीनं टू दाबू नको."

"नाही दाबणार."

"दाबला तर मी कम्प्लेंट नाही करणार. फक्त सांगतो."

"कळलं," ती म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उतरली.

तिनं कुलूप उघडलं. चपला काढल्या. पाय धुवायला वेळ नव्हता, म्हणून नुसते हात धुतले, पदराला पुसले, आणि बैठकीच्या कोपऱ्यातल्या फोनकडे निघाली.