तिसरी साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी चिठ्ठी आहे. पोस्टकार्डाहून लहान, कडांना पिवळी पडलेली. माझा जन्म शब्दकोशाच्या कचेरीत झाला. तिथे प्रत्येक शब्दाला एक चिठ्ठी मिळते. माझ्या कपाळी 'आधुनिकतावादी' हा शब्द आला.

कचेरीचा नियम कडक होता. शब्द कुणी कसा वापरला, याची छापील वाक्यं चिठ्ठीवर उतरवायची. त्यांना साक्ष म्हणत. तीन साक्षी जमल्या तरच शब्द कोशात जाई. माझ्याकडे होत्या दोन, आणि दोन्ही शिव्याच! "हे आधुनिकतावादी उद्या आजोबांची खुर्चीसुद्धा जाळतील," असं एकीत होतं. त्यावरून मुख्य संपादक आबांनी अर्थ लिहिला: 'जुन्याचा द्वेष करणारा.' तिसरी साक्ष काही मिळेना. सात वर्षं मी खणात पडून राहिले. झुरळांनी माझा एक कोपराही चाखला.

मग छपाईचा दिवस उजाडला. "तिसरी नाही ना? टाका केरात," आबा म्हणाले.

शब्दांची मुळं शोधणाऱ्या ताईंनी मला झटकन उचललं. "आबा, हिचं मूळ तरी बघा! 'अधुना' म्हणजे आता. इंग्रजी 'मॉडर्निस्ट'च्या मुळाशीही लॅटिन 'मोडो', म्हणजे आत्ताच. यात द्वेष कुठे आला?"

"नुसत्या मुळावर भागत नाही, पोरी. संध्याकाळपर्यंत साक्ष आण."

"आणते. मग चहा तुमच्याकडून!"

ताईंनी त्या दिवशी डबा उघडलाच नाही. माझ्यावरच्या त्या दोन शिव्या ज्या वर्तमानपत्रात छापल्या होत्या, ते सगळ्यांनी चाळलं होतं. ज्याला त्या दिल्या, त्याचं उत्तर कुणीच शोधलं नव्हतं. ताईंनी त्याच वर्तमानपत्राचा त्यानंतरच्या आठवड्याचा अंक काढला. त्यात शाळा बांधणाऱ्या एका गवंड्याचं पत्र होतं: "होय, मी आधुनिकतावादी. भिंतींना दगड आजोबांच्या वेळचेच लावले. खिडक्या मात्र आजच्या मुलांच्या उंचीच्या ठेवल्या."

आबांनी पत्र दोनदा वाचलं. "सात वर्षं मी एकाच बाजूचं ऐकत बसलो की गं!" म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने जुना अर्थ खोडून लिहिलं: 'आजची गरज ओळखून कलेत, कामात, विचारात नवी वाट धरणारा. निंदेसाठीही वापरतात.' मग स्वतः उठून चहा सांगायला गेले.

मित्रांनो, त्या संध्याकाळी मी छापखान्यात गेले ती मिरवतच! आता पुन्हा खणात आहे, पण माझा शब्द घरोघरी वाचला जातो. माझं एकच मागणं आहे. एखाद्या शब्दाने कुणाला नावं ठेवलेली ऐकलीत, तर त्या माणसाचं उत्तरही शोधा. माझ्यासाठी ते शोधायला एक ताई दिवसभर उपाशी राहिल्या, म्हणून माझा शब्द आज कोशात ताठ मानेने उभा आहे.