कोपऱ्यापर्यंत हळू

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. माझा रंग एके काळी फिकट हिरवा होता, आता त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. डावीकडचं दार जरा जोर लावून ओढावं लागतं आणि मागच्या सीटची शिवण उसवली आहे. पण इंजिन अजून ठणठणीत आहे. ते तसं का राहिलं, हे सांगायला मला फार आवडतं, कारण त्या निमित्ताने माझ्या माणसांचं कौतुक करता येतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे एका बाईंनी माझ्या इंजिनात पहिल्यांदा तेल ओतलं, आणि झाकण घट्ट केल्यावर त्यावर हलकेच थोपटलं. त्यांचा चेहरा मला आठवत नाही, थोपटणं मात्र आठवतं. पुढे मी एका दुकानाच्या काचेआड उभी राहिले, आणि तिथून काका-काकू मला घरी घेऊन आले. अख्खी गल्ली त्यांना काका-काकूच म्हणते, म्हणून मीही तेच म्हणते.

काकू नर्स. घरोघरी जाऊन त्या म्हाताऱ्या माणसांच्या जखमा बांधायच्या, बाळंतिणींना आणि बाळांना तपासायच्या. काकांनी उभा जन्म ट्रक चालवण्यात घालवला होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी काकूंना कामावर पोहोचवण्याची जबाबदारी घेतली, आणि ती त्यांनी इतकी मनावर घेतली की विचारू नका.

आमच्या उंच डोंगरातल्या गावात थंडी म्हणजे खरोखरची थंडी. सकाळी काचेवर बर्फाचा थर असायचा आणि नळाचं पाणी गोठायचं. अशा थंडीत ट्रकचं इंजिन बराच वेळ चालू ठेवल्याशिवाय हलत नसे, हे काकांच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. म्हणून ते काकूंच्या आधी उठायचे, अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, आणि शेडमध्ये येऊन मला सुरू करायचे. मग मी उभ्या जागी गुरगुरत राहायचे. काका सीटवर बसून चहा प्यायचे. बॉनेट हाताला गरम लागलं की ते एकदाच, हळूच हॉर्न वाजवायचे. तो हॉर्न ऐकला की स्वयंपाकघरात काकू पिशवी उचलायच्या.

खरं सांगू का? मला याची गरज नव्हती. मी ट्रक नाही, पेट्रोलवर चालणारी नव्या घडणीची गाडी होते. थंडीत माझं तेल घट्ट होतं हे कबूल, पण ते पातळ व्हायला अर्धं मिनिट आणि नंतर थोडं सबुरीने चालवणं एवढंच पुरतं. उभ्या उभ्या मी नुसतं पेट्रोल पीत होते आणि ठिणगी पाडणारे माझे प्लग काळे होत होते. आमचा मेकॅनिक दर खेपेला ते काळे प्लग काकांच्या तळहातावर ठेवायचा.

"काका, ही काही तुमचा ट्रक नाही," तो म्हणायचा. "सुरू करा आणि निघा. फक्त कोपऱ्यापर्यंत हळू जा. चालता चालताच ती गरम होते."

"इंजिन ते इंजिन," काका म्हणायचे, आणि प्लग पुसून त्याच्या हातात परत द्यायचे.

काकांचा हेका काही सुटला नाही. मलाही आधी त्यांचा राग यायचा. पण एक गोष्ट मला उशिरा कळली. मी सुरू झाले की काका खिशातून काकूंचे लोकरीचे हातमोजे काढायचे आणि माझ्या बॉनेटवर पसरून ठेवायचे. काकूंचे हात थंडीत बर्फासारखे व्हायचे, आणि गार हात लागला की तान्ही बाळं दचकून रडायची. काकूंना त्याचं फार वाईट वाटायचं. म्हणजे काका माझं इंजिन तापवत होते हे खरं, पण त्यांचं अर्धं लक्ष त्या मोज्यांवर असायचं. ते कळल्यावर माझा राग पळाला. मित्रांनो, आपल्याला न लागणारी माया मिळते तेव्हाही ती मायाच असते.

पण मायेलाही खिडकी उघडी लागते, हे आम्हाला एका सकाळी कळलं.

त्या दिवशी वारा असा सुटला होता की बर्फ आडवा येऊन शेडमध्ये शिरत होता. काकांनी मोजे बॉनेटवर पसरले, ते उडून खाली पडले. पुन्हा पसरले, पुन्हा पडले. तेव्हा काकांनी शेडचं शटर खाली ओढून घेतलं. मी चालूच होते. काका माझ्या आत येऊन बसले, चहाचा पेला हातात घेतला.

माझा धूर आता बाहेर जाईना. त्या धुरातल्या विषाला वास नसतो, रंग नसतो. काका थोडे खोकले. मग त्यांनी मान सीटला टेकवली. पेला कलंडला आणि चहा त्यांच्या पायावर सांडला, तरी ते हलले नाहीत. माझी पाचावर धारण बसली. मला बंद व्हायचं होतं, पण किल्ली त्यांच्या हाताशी. मला ओरडायचं होतं, पण माझा आवाज म्हणजे हॉर्न, आणि तो त्यांच्या हाताखाली. मी गुरगुरत राहिले, आणि माझ्या प्रत्येक श्वासाने ते अधिक गाढ झोपत होते.

तिकडे स्वयंपाकघरात काकू पिशवी भरून तयार होत्या. हॉर्न आला नाही. त्यांनी भांडी पुसली, पुन्हा कान दिला. हॉर्न नाही. इतक्या वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. काकू तशाच, चपलाही न घालता, बाहेर धावल्या.

शटर वर गेलं. काकूंनी आधी किल्ली फिरवून मला बंद केलं, मग काकांच्या काखेत हात घालून त्यांना ओढत बर्फावर आणलं. त्यांची कॉलर सैल केली, तोंडाशी कान नेला. मग त्यांनी शेजाऱ्यांना हाक मारली. त्यांची हाक तेवढी कापरी झाली होती, हात नाही.

बऱ्याच वेळाने काकांनी डोळे उघडले. ते काहीतरी पुटपुटले. काकू खाली वाकल्या.

"मोजे गरम झालेत," काका म्हणाले. "घालून घे."

काकूंनी आयुष्यात किती रडणारी माणसं शांत केली असतील. त्या सकाळी त्या स्वतः बर्फात बसून रडल्या. "अहो, मोज्यांचं काय घेऊन बसलात," एवढंच त्या म्हणत राहिल्या. माझा जीव भांड्यात पडला.

काका इस्पितळातून बरे होऊन आले, पण पूर्वीसारखे नाही. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग काकूंनी चाक हाती घेतलं. आता त्या आधी शटर वर करायच्या, मला सुरू करायच्या, काच खरवडायच्या आणि लगेच निघायच्या, मेकॅनिकने सांगितलं होतं तसं, कोपऱ्यापर्यंत हळू. माझे प्लग स्वच्छ झाले, पेट्रोल वाचू लागलं. मेकॅनिक खूश झाला. मी मात्र खूश नव्हते.

कारण काका खिडकीत उभे राहायचे. सवयीने ते पहाटेच उठत, पण उठून करायचं काय? स्वेटर घालून ते घरातल्या घरात फिरत. जेवणावरची त्यांची वासना उडाली. काकू बोलत तेव्हा ते नुसतं हं म्हणत. ज्या माणसाने जन्मभर चाक हातात धरलं त्याच्या हातात आता काहीच नव्हतं.

मग एका सकाळी मी सुरू झाले, शेडमधून बाहेर आले, आणि पाहते तो काका कानटोपी घालून गल्लीत उभे. काकूंनी काच खाली केली.

"अहो, कुठे निघालात एवढ्या थंडीत?"

"कोपऱ्यापर्यंत," काका म्हणाले. "तू हळूच जाणार ना? मग मीही येतो."

आणि ते माझ्या शेजारून चालू लागले, एक हात माझ्या टपावर ठेवून. मी चालत होते तेवढंच ते चालत होते. काकू आतून त्या दिवशीचे पेशंट सांगत होत्या, काका बाहेरून सूचना देत होते. "क्लच सावकाश सोड. घाई करू नकोस. तिचं तेल अजून जागं व्हायचंय." कोपरा आला. काकांनी स्वेटरच्या आतून, छातीशी धरलेले हातमोजे काढले आणि खिडकीतून काकूंना दिले. ते बॉनेटवर तापायचे त्याहून जास्त ऊबदार होते.

त्या रात्री काका पोटभर जेवले, असं काकूंनी दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. त्या माझ्याशी बोलतात, कुणी ऐकत नसलं तर.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मध्ये त्यांची मुलगी आली होती. मी किती खडखडते हे तिने पाहिलं आणि म्हणाली, "आई, आता नवी गाडी घे. हल्ली बटण दाबलं की निघते, थांबणं नाही की हळू जाणं नाही."

काकूंनी माझं डावीकडचं दार ओढून नीट लावलं. "ती सुसाट निघेल गं," त्या म्हणाल्या. "मग तुझे बाबा चालणार कुणाबरोबर?"

जाण्याआधी मुलीने माझ्या मागच्या सीटवर एक जाड चादर अंथरून दिली.

मित्रांनो, म्हणून तुम्हाला एवढंच सांगते. तुमच्या घरी गाडी असेल तर तिला बंद शेडमध्ये कधीही चालू ठेवू नका, अगदी मायेपोटीसुद्धा नाही. थंडीत तिला फार वेळ ताटकळत ठेवू नका आणि सुरू होताच पळवूही नका. सुरू करा, काच साफ करा, आणि पहिला थोडा रस्ता तिला तिच्या चालीने जाऊ द्या.

काकांची चाल आता फार मंदावली आहे. मीही तेवढीच मंद जाते. तापायला मला इतका वेळ लागत नाही, हे मेकॅनिकला माहीत आहे, काकूंना माहीत आहे, आणि माझी खात्री आहे, काकांनाही माहीत आहे. तरी कोपऱ्यापर्यंत आम्ही तिघं हळूच जातो.