पुलावरचा हात

जास्त वजनाची गाडी जुन्या पुलावरून न्यायची तर परमिट लागतं. त्याच्या अटी मला तोंडपाठ आहेत. पुलावर दुसरी गाडी नको. आपली गाडी बरोबर मधोमध, माणसाच्या चालीनं. ब्रेक मारायचा नाही, थांबायचं नाही. आणि पुढे लाल झेंडा घेऊन एक माणूस चालत पाहिजे.

आमच्या गाडीपुढे तो माणूस म्हणजे माझी बायको. "घरी दिवसभर तुमच्या मागे मागे फिरते, इथे तरी माझ्या मागून या," असं म्हणून ती झेंड्याची काठी खांद्यावर टाकायची आणि निघायची. वळून कधी बघायची नाही. फक्त पुलाच्या मध्यावर आली की एक हात वर करायची. म्हणजे गाडी मधोमध आहे, या बिनधास्त. तो हात दिसला की माझा जीव भांड्यात पडायचा.

ती गेली आणि ट्रेलर दारात उभा राहिला. मेव्हणा म्हणाला, "विकून टाका भाऊजी, आता कुणासाठी धावपळ?" तेवढ्यात नदीपलीकडच्या बांधकामावर ट्रान्सफॉर्मर पोचवायचं काम आलं. मुलगी म्हणाली, "झेंडा मी घेते." मी मनाशी ठरवलं, हा पूल पार झाला तर गाडी ठेवायची, नाहीतर मेव्हण्याला हो म्हणायचं.

पुलाच्या तोंडाशी परमिट देणाऱ्या खात्याचा इंजिनिअर उभा होता. "काका, मध्ये थांबलात तर परमिट रद्द. मग माझ्याकडे येऊ नका."

मुलगी निघाली. चाल थेट आईची, जराशी डावीकडे झुकून. मी मागून. पुलाचा मध्य आला. हात काही वर होईना. मला वाटलं, गाडी कडेला सरकली. आरशात बघितलं तर नीट दिसेना. पाय आपोआप ब्रेककडे गेला, गाडी रेंगाळू लागली.

वॉकीटॉकीवर मुलगी ओरडली, "बाबा! इंजिनचा आवाज का पडला?"

"तू हात का नाही केलास?"

"कसला हात?"

"आई करायची तो. गाडी मधोमध आहे म्हणून."

"बाबा, आईला पाठीला डोळे होते का? खांदा भरून यायचा तिचा. काठी दुसऱ्या खांद्यावर घेऊन हात ताणायची ती. घरी आल्यावर मीच शेकून द्यायचे. चला आता, तो इंजिनिअर बघतोय!"

मला हसू फुटलं आणि डोळेही भरले. ब्रेक न दाबताच पाय परत अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवला. म्हणजे इतकी वर्षं गाडी मधोमध ठेवणारा मीच होतो, आणि श्रेय तिला देत होतो. देत होतो ते बरंच होतं.

ट्रान्सफॉर्मर उतरला. मुलगी खांदा चोळत माझ्या शेजारी येऊन बसली. "केवढी जड आहे हो ही काठी! पुढच्या खेपेला हलकी आणू."

परतताना गाडी रिकामी होती. रिकाम्या गाडीला परमिट लागत नाही, पुढे कुणी चालावं लागत नाही. पुलावर आलो तरी मी माणसाच्या चालीनंच चाललो होतो. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा नुसता गोंधळ मांडला.

"बाबा, आता तरी पळवा की," मुलगी म्हणाली.

"थांब गं," मी म्हणालो. "मध्य येऊ दे."