चिठ्ठीवरचा प्रश्न

चिठ्ठीवर काय लिहायचं, ते इंग्रिडनं ठरवलं. ज्यूरीच्या बारा जणांनी तिलाच प्रमुख केलं होतं. जिल्ह्याच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत वीस वर्षं काढलेली बाई, प्रश्न नेमका विचारणारच.

तिनं विचारला: 'बोटींची शेड पेटली तेव्हा रॉय केटुनेन तळ्यावर होता, हे तुम्हाला पटतं का?'

तळ्यापासून दूर, गावातली ती शेड रॉयनंच पेटवली, असा आरोप होता. शेडशेजारी राहणाऱ्या बाईनं संधिप्रकाशात तिथं त्याच्या गाडीसारखी गाडी पाहिली होती. सरकारी वकिलाकडे तेवढंच. रॉयचं म्हणणं, मी तेव्हा गोठलेल्या तळ्यावरच्या माझ्या खोपट्यात गळ टाकून बसलो होतो. मीही सोबत होतो, अशी साक्ष देणाऱ्या मावसभावानं उलटतपासणीत दिवसच चुकीचा सांगितला.

"भाऊ तरी धड निवडायचा!" ट्रकवाला वेन म्हणाला. "माझी बायको याच्यापेक्षा बरं खोटं बोलते, आणि ती दर रविवारी चर्चला जाते."

"आटप गं बाई," म्हातारी डोलोरेस इंग्रिडला म्हणाली. "बर्फ वाढतंय. आमच्या रस्त्यावर बर्फ हटवणारी गाडी संध्याकाळनंतर फिरकत नाही."

चिठ्ठ्या उघडल्या. बाराच्या बारा 'नाही'.

"संपलं. दोषी," वेननं कोट उचलला. दुसरा प्रश्न कुणी विचारला नाही. इंग्रिडनं निकालपत्रावर सही केली आणि चिठ्ठ्या खिशात टाकल्या.

कोर्टात निकाल वाचला गेला. रॉय स्वतःच्या हातांकडे पाहत राहिला. त्याच्या वकिलानं मागणी केली, प्रत्येकाला वेगळं विचारा. न्यायाधीशबाईंनी पहिल्या खुर्चीपासून सुरुवात केली.

"हा तुमचा निकाल आहे का?"

"होय," इंग्रिड म्हणाली. सवयीनं, अहवाल वाचल्यासारखं.

प्रश्न पुढच्या खुर्चीवर गेला. तिची नजर मांडीवरच्या सूचनांच्या कागदावर पडली. सकाळी न्यायाधीशबाईंनी वाचून दाखवलेला उतारा. तिनं स्वतःच पेन्सिलीनं अधोरेखित केलेला. 'आपण दुसरीकडे होतो हे आरोपीनं सिद्ध करायचं नसतं. तो तिथं होता, हे सरकार पक्षानं वाजवी संशयापलीकडे सिद्ध करायचं. त्याचं म्हणणं पटलं नाही, तरी तेवढ्यावरून तो दोषी ठरत नाही.'

"होय." चौथा.

तुलनेसाठी ठेवलेला नमुना नासला, तर ती चाचणीच रद्द करी. तेवढ्यावरून विहीर दूषित, असं तिनं वीस वर्षांत एकदाही लिहिलं नव्हतं. आज लिहिलं होतं. गाडी खरंच रॉयची होती का, हे त्या खोलीत कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

"होय." आठवा, वेन. जांभई देत.

नोंद व्हायची होती. अजून बोलता येत होतं. बोललं, की बारा जण पुन्हा त्या खोलीत. आणि कुणामुळे? नेमका प्रश्न विचारणाऱ्या बाईमुळे.

"होय," डोलोरेस म्हणाली. बारावी.

"निकाल नोंदवून घेण्याआधी—" न्यायाधीशबाई थांबल्या. इंग्रिडचा हात वर गेला होता. "बोला."

सगळे वळले. रॉयनंही मान वर केली. त्याचा चेहरा तिनं पहिल्यांदाच समोरून पाहिला.

तिचा दुसरा हात खिशातल्या चिठ्ठ्यांना लागला.

"मतदानाच्या चिठ्ठ्या," ती म्हणाली. "त्यांचं काय करायचं?"

"कारकुनाकडे द्या. तो नष्ट करेल. आणखी काही?"

रॉय अजून तिच्याकडेच पाहत होता.

"नाही," इंग्रिड म्हणाली.

कारकुनानं हात पुढे केला. तिनं चिठ्ठ्या मोजून दिल्या. बारा.